उठवणीचा प्र्यानिक

“मासा कोरलेला तो साचा मला द्या, बाई. माझ्या पिठात कमी काय आहे?”

येफीमने हे तिसऱ्यांदा विचारलं, आणि या खेपेला आवाज चढवून. अकुलिनाबाई बशीतला चहा फुंकत बसल्या होत्या.

व्होल्गाकाठच्या त्या गावात प्र्यानिक खावेत ते बाईंच्याच हातचे. मध, लवंग, आलं, वेलदोडा घालून मळलेलं पीठ महिनोन्महिने तळघरात मुरवायचं, मग लाकडी साच्यात दाबून भाजायचं. चहाबरोबर खायची ही जाडजूड बिस्किटं. वर मासा उठलेला दिसला की गिऱ्हाईक हातात घेऊन बघतही नसे, सरळ टोपलीत टाकी.

येफीम अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. आता त्याने स्वतःची भट्टी घातली होती. परवा जत्रा, आणि बाईंच्या माशाशिवाय तिथे बसायची त्याची छाती होत नव्हती. पण कबूल करील तर शपथ. उलट ऐकवत होता, की तुमचा आणि माझा शेजारी ठेवला तर पाद्रीबाबांनाही ओळखता यायचा नाही.

“ओळखता यायचा नाही ना?”

“नाही.”

“मग मासा कशाला हवा?”

येफीमचे कान लाल झाले. लोक आधी डोळ्यांनी खातात, म्हणाला. आणि मी काय परका आहे?

बाई उठल्या. फडताळातून एक लहानसा, वर काहीच न कोरलेला प्र्यानिक काढून त्यांनी त्याच्या कपाशेजारी ठेवला.

येफीमचा चेहरा उतरला. त्या मुलखात पाहुण्यापुढे शेवटी असा एक ठेवतात. तो आला की पाहुण्याने टोपी उचलायची. ‘जा’ असं तोंडाने कुणी म्हणत नाही.

“अकरा वर्षांनी मला घालवता, बाई?”

“खा.”

त्याने तुकडा मोडला. आधी लवंग, मग मध, आणि मागून... आल्याचा झणका. आलं तो चिमूटभर जास्तच घालायचा. त्यावरून बाईंच्या किती शिव्या खाल्ल्या होत्या. सरावाला भाजलेले त्याचे प्र्यानिक बाई उचलून न्यायच्या. डुकरांना घालत असतील, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

“हा... माझा आहे.”

बाईंनी आपला कप बशीत पालथा घातला, म्हणजे चहा पुरे.

“तीन वर्षं पाहुण्यांना उठवायला मी तुझाच ठेवतेय, आणि मेले खाऊन पुन्हा बसतात. तू तरी ऊठ.”