नसणावळ

फार पूर्वी, मापाला माणसाची मूठ चालायची आणि वेळेला कोंबडा, त्या काळी एका गावात एक खानावळवाली राहत होती. सगळा गाव तिला मावशी म्हणायचा. राजाचे शिपाईही मावशी म्हणायचे, आणि ताटातला भात संपत आला की जरा जास्तच प्रेमाने मावशी म्हणायचे.

या मावशीच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. मुलाच्या बापाने ना सोनं मागितलं, ना भांडी. त्याची अट एकच.

"विहीणबाई, मागे एकदा तुमच्या खानावळीत आंबेमोहोराचा भात जेवलो होतो. आमच्या वऱ्हाडाला तो पोटभर मिळाला पाहिजे. बाकी काही नको."

मावशीने पोटाला चिमटा घेऊन आंबेमोहोराची दोन पोती जमवली. आता ती ठेवायची कुठे? गावात उंदीर इतके माजले होते की मांजरं त्यांना वाट द्यायची. म्हणून सगळा गाव आपलं धान्य दगडी कोठारात ठेवत असे. कोठारी मोठा गोडबोल्या माणूस.

"ठेवा की मावशी," तो म्हणाला. "उंदीर सोडा, मुंगीसुद्धा शिरायची नाही. महिन्याला पोत्यामागे फक्त एक मूठ. शिंप्याची शिवणावळ असते, सोनाराची घडणावळ असते, तशी ही आमची ठेवणावळ."

मावशीला ते रास्त वाटलं. राखणदाराला पोट असतंच.

संक्रांतीच्या सुमारास ती पोती बघायला गेली, तर दोन्ही पोती आजाऱ्यासारखी भिंतीला टेकून बसलेली!

"कोठारीबुवा, माझा तांदूळ कुठे गेला?"

"कुठे जातोय? सगळा रीतसर गेलाय," कोठारी म्हणाला आणि एकेक बोट दुमडत सांगू लागला. "एक ठेवणावळ, ती तुम्हाला ठाऊकच आहे. पोतं उघडून बघावं लागतं, तांदूळ बरा आहे ना म्हणून. ती उघडणावळ. उघडलेलं पुन्हा बांधावं लागतं. ती बांधणावळ. उघडता-बांधताना चार दाणे सांडतात, ते झाडावे लागतात. ती झाडणावळ."

"आणि झाडलेले दाणे?"

"ते झाडणाऱ्याचे. आणि मावशी, आता तुम्ही हे जे विचारलंत ना, त्याची विचारणावळ." असं म्हणून त्याने तिच्यादेखत एक मूठ काढून घेतली.

मावशी दोन पावलं मागे सरली. तोंड उघडायचीही सोय उरली नव्हती. पण कोठाऱ्याचं संपलं नव्हतं.

"एक राहिलीच. तुमचं पोतं कमरेच्या खाली गेलंय. ज्याचं पोतं कमरेच्या खाली जातं, त्याला दर आठवड्याला नसणावळ पडते."

"म्हणजे?"

"म्हणजे तांदूळ नसल्याबद्दल."

"अहो, तांदूळ नाही म्हणून तांदूळ घेणार?"

"मग काय करणार? अर्धी पोती दिसली की कोठाराची शोभा जाते."

मावशी रस्त्यातच रडली. तिला उंदरांची आठवण आली. उंदीर खायचा, पण खाण्याला नाव ठेवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली. तिच्यामागे गावही गेला, कारण पोती सगळ्यांचीच बसली होती. राजा मनाने चांगला होता, फक्त त्याला दवंडीचा फार नाद. कुठलंही दुखणं असो, दवंडी पिटली की त्याला वाटायचं, बरं झालं.

"महाराज," सेनापती तलवारीच्या मुठीवर हात ठेवून म्हणाला, "एक घाव दोन तुकडे! सगळ्या णावळी आजच बंद करा."

म्हातारा प्रधान खाकरला. "महाराज, आधी फक्त नसणावळ बंद करावी. ती सगळ्यांत नागडी आहे, तिची बाजू कोणी घेणार नाही. मग पुढची बघू. थोडं थोडं केलेलं टिकतं."

लोक प्रधानावर हसले. कोणी तरी ओरडलं, "म्हाताऱ्याला पायरी चढायलाही मुहूर्त लागतो!" आणि सेनापतीचा जयजयकार झाला. मावशीनेही केला. दवंडी पिटली गेली: ज्याच्या शेवटी 'णावळ' येतं, असं राज्यात आजपासून काहीही चालणार नाही!

गावाने गूळ वाटला.

सकाळी शिपाई निघाले. आधी त्यांनी सोनाराची भट्टी विझवली, कारण घडणावळ. मग शिंप्याची सुई जप्त केली, कारण शिवणावळ. परटाची धुणावळ गेली, गिरणीवालीची दळणावळ गेली. आणि मग ते मान खाली घालून मावशीच्या दारात उभे राहिले.

"मावशी, खानावळ बंद करायचीय."

"अरे मेल्यांनो, मीच तर तक्रार केली! आणि खानावळीत 'न' आहे, 'ण' नाही!"

"मावशी, दवंडी ढोलावर झाली. ढोलात 'न' कुठला आणि 'ण' कुठला, आम्हाला काय कळतंय?"

त्यांनी कुलूप लावलं आणि पहाऱ्याला तिथेच बसले. दुपार झाली तशी त्यांची पोटं बोलू लागली. पण जेवायचं कुठे? कुलपाच्या आत.

इकडे कोठारी मजेत होता. त्याने फक्त नावं बदलली. उघडणावळ गेली, 'उघडण्याचा मान' आला. बांधणावळ गेली, 'बांधण्याचा मान' आला. नसणावळीचा झाला 'नसण्याचा मान'.

"हुकूम णावळीवर आहे, मानावर नाही," तो म्हणाला. "महाराजांच्या राज्यात मान बंद झाला, तर महाराजांचं कसं व्हायचं?"

थोड्याच दिवसांत मावशी पुन्हा दरबारात उभी राहिली. या वेळी तिच्यामागे अर्धं उपाशी सैन्य होतं. राजा सिंहासनावर अवघडून बसला होता, कारण त्याचा नवा अंगरखा शिंप्याकडून एकाच बाहीचा आला होता. दुसरी बाही हुकुमात अडकली होती.

"हुकूम बरोबरच होता," सेनापती म्हणाला. "लोकच कच्चे निघाले."

राजाने हुकूम मागे घेतला आणि उरलेल्या बाहीतला हात प्रधानाकडे केला. प्रधानाने आपलं जुनंच सांगितलं, फक्त शब्द तोलून मापून: "जे धान्य कोठारात नाही, त्याबद्दल कोठाऱ्याने काही घेऊ नये, नाव काहीही असो."

लोक चिडले. "बस, एवढंच? डोंगर पोखरून उंदीर काढला!"

राजाने मावशीला विचारलं, "बाई, तक्रार तुमची आहे. हे एवढंसं घेता, की सगळं मिळेपर्यंत थांबता?"

"घेऊ नको मावशी!" मागून गाव ओरडला. "घेतलंस तर बाकीचं बुडालं!"

मावशीला प्रधानाचा राग आला होता. पोतं मागायला यावं आणि मूठ हातात पडावी! पण थांबायचं म्हटलं, तर दर आठवड्याला एकेक मूठ जाणार होती आणि वैशाख काही थांबणार नव्हता. ती म्हणाली, "घेते, महाराज. पण हे मी जेवण म्हणून घेत नाही. पहिला घास म्हणून घेते."

प्रधान समाधानाने घरी गेला. आता वर्षभर आराम, असं त्याला वाटलं. सकाळी दार उघडतो, तर पायरीवर मावशी.

"काय हो, आता काय?"

"पुढची कोणती बंद करायची, ते विचारायला आले."

"अहो, कालच तर एक केली! दम धरा. पुढच्या वर्षी बघू."

"प्रधानजी, दरबारात तुम्ही म्हणालात थोडं थोडं. हळूहळू कुठे म्हणालात?"

प्रधानाने दारातूनच आपलं पागोटं मागवलं. एवढी वर्षं तो स्वतःच या दोन शब्दांना एक समजत आला होता.

त्या दिवशी विचारणावळ गेली. मग कोठाऱ्याने नवीन शक्कल काढली. पोत्यात तांदूळ नाही तिथे हवा आहे, म्हणून त्याने हवेच्या राखणीचं माप लावलं. मावशी पुन्हा पायरीवर. हवा हुकुमात घातली गेली. मग त्याने कोठाराच्या सावलीत उभं राहण्याचं माप काढलं. मावशी पुन्हा पायरीवर. आता तिच्याबरोबर सोनार यायला लागला, परीट यायला लागला, आणि जे "घेऊ नको" म्हणून ओरडले होते, तेही हळूच मागे येऊन बसायला लागले. पायरी पुरेना, तेव्हा लोक ओसरीवर सरकले.

सेनापती तिथून घोड्यावरून जाताना हसला. "अजून एकेकच वेचताय? मी असतो तर एका घावात—"

"तुमच्या एका घावाचं कुलूप माझ्या दाराला होतं, दादा," मावशी म्हणाली. सेनापतीने घोडा दामटला.

शेवटी प्रधानाची बायको वैतागली. रोज एवढ्या माणसांना गूळपाणी द्यायचं म्हणजे काय चेष्टा आहे? ती आतून म्हणाली, "अहो, काय ते एकदाचं नीट करून द्या ना यांना. मला ओसरी सारवायचीय!"

राजाच्या दरबारात जे झालं नाही, ते त्या ओसरीवर झालं. उघडणावळ, बांधणावळ, झाडणावळ गेल्या. उरली एकच, पोत्यामागे महिन्याला एक मूठ, आणि तीही पोतं आत घेण्याआधी सांगायची.

कोठाऱ्याने हात जोडले. "हुकूम शिरसावंद्य. मापाची मूठ तेवढी माझ्या भाच्याची धरतो." आणि त्याने पुढे केला एक पहिलवान, ज्याच्या मुठीत नारळ मावत होता.

"मूठ ज्याचं धान्य त्याची," प्रधान म्हणाला. आता तोही तयार झाला होता.

लोकही काही कमी नव्हते. पुढच्या महिन्यात जो तो कडेवरचं मूल घेऊन मूठ मोजायला आला. तेव्हा कोठारी रडत प्रधानाच्या पायरीवर जाऊन बसला, आणि 'घरातल्या मोठ्या माणसाची मूठ' असं आणखी एकदा ठरवावं लागलं. हे रास्तच झालं. राखणदाराला पोट असतंच.

वैशाख आला. मावशीने आपला तांदूळ घरी आणला. दोन पोत्यांमधलं एक भरलं आणि वर थोडा उरला. गेलेला तांदूळ काही परत आला नाही. त्याचं दुःख तिला शेवटपर्यंत राहिलं. पण त्या दिवशी पायरीवर बसली नसती, तर एकही पोतं भरलं नसतं, हेही तिला कळत होतं. तिने मनाशी हिशेब करून वऱ्हाडाला पोटभर आणि गावाला बेताने वाढायचं ठरवलं.

जेवणाला सगळ्या गावाला बोलावणं होतं. कोठारी सर्वांत आधी येऊन पहिल्या पंगतीत बसला. ताटात वाफाळता आंबेमोहोर पडला, वर वरण, वर तूप. त्याने डोळे मिटून वास घेतला आणि घास उचलणार, एवढ्यात मावशी भातवाढी घेऊन समोर उभी राहिली.

"थांबा, कोठारीबुवा. तुम्ही बसलात, ही बसणावळ." आणि तिने ताटातला थोडा भात उचलला. "मी वाढलं, ही वाढणावळ." आणखी उचलला. "तुम्ही वास घेतलात, ही हुंगणावळ."

"मावशी, हे काय करताय?" कोठारी कळवळला.

"विचारलंत? ही विचारणावळ."

ताट लख्ख झालं. पंगत हसून हसून पत्रावळींवर कलंडली. वऱ्हाडाला काही कळत नव्हतं, पण तेही हसत होतं.

मावशीने रिकाम्या ताटाकडे बघितलं. "आता खरं तर नसणावळ घ्यायला हवी. पण ती प्रधानजींनी बंद केलीय. म्हणून वाचलात."

कोठाऱ्याची मान खाली गेली. मावशीने मग त्याचं ताट पहिल्यापेक्षा जास्त भरलं, कारण दारात आलेल्याला उपाशी ठेवणं तिच्या हाताला जमत नव्हतं. कोठारी पोटभर जेवला. पंक्तीच्या टोकाला प्रधान बसला होता. त्याने आणखी भात मागितला, तेव्हा मावशी म्हणाली, "देते की. थोडा थोडा, पण लगेच."

तात्पर्य: लुबाडणारा एकेक मूठ नेतो, तेव्हा एकेक मूठ परत मिळवण्यात कमीपणा नाही, फक्त पहिली मूठ हाती आली म्हणून पायरीवरून उठू नये.