कुर्लीचं बीळ कुणी झाकलं?

एक होती कुर्ली. कुर्ली म्हणजे खेकडी. एवढीशी, चण्याएवढी.
तिचं घर समुद्राकाठी, वाळूत. घर म्हणजे बीळ. बीळ गार गार.
कुर्ली चालायची तिरकी. तुरू तुरू, तुरू तुरू. जायचं असायचं समोर, पोचायची बाजूला. मग म्हणायची, "अगंबाई, मी इथे कशी?"

एकदा ती खाऊ शोधायला गेली. परत आली, तर बीळच नाही! सगळीकडे पिशव्याच पिशव्या. प्लास्टिकच्या. माशांचा वास येणाऱ्या.
कुर्लीने एक ओढली. सळ्ळ! वाऱ्याने दोन आणल्या. सळ्ळ सळ्ळ!
"बीळ हरवलं? की मीच हरवले?"
ऊन तापलं. पाय पोळले. कुर्लीला रडूच आलं.

पिशव्या यायच्या बाजारातून. बाजारात सुगंधामावशी मासे विकायची. पिशवीत घाल, गाठ मार, दे. पिशवीत घाल, गाठ मार, दे.
कुर्ली निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू.
"मावशी, मावशी, पिशव्या थांबव ना!
बीळ दिसेना.
सांग, मी घरी जाऊ कशी?"
"गो बाय, मी कशी थांबवू? नाईककाकांनी डबा आणला, तर मी थांबवेन."

तुरू तुरू, तुरू तुरू. कुर्ली गेली नाईककाकांकडे. काकांना मासे रोज लागतात. डबा मात्र फडताळात.
"काका, काका, डबा आणा ना!
मावशी थांबेना,
बीळ दिसेना.
सांगा, मी घरी जाऊ कशी?"
"छे छे! डबा हातात कोण धरणार? इसाकचाचाने कापडी पिशवी शिवली, तर मी डबा आणेन."

तुरू तुरू, तुरू तुरू. कुर्ली गेली इसाकचाचाकडे. मशीन चाललं होतं, खडखड खडखड.
"चाचा, चाचा, पिशवी शिव ना!
काका डबा आणेना,
मावशी थांबेना,
बीळ दिसेना.
सांग, मी घरी जाऊ कशी?"
"बेटा, शिवू कशाची? मंगलवहिनीने जुनी साडी दिली, तर मी शिवेन."

तुरू तुरू, तुरू तुरू. कुर्ली गेली मंगलवहिनीकडे. वहिनीने साड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. बोहारणीला द्यायचं, बादली घ्यायची.
"वहिनी, वहिनी, साडी दे ना!
चाचा शिवेना,
काका डबा आणेना,
मावशी थांबेना,
बीळ दिसेना.
सांग, मी घरी जाऊ कशी?"
"अगं, मावशी पिशव्या फुकट वाटते. मग कापडी कोण घेणार? आधी मावशीने थांबवलं, तर मी साडी देईन."
आधी मावशी?
कुर्ली थबकली. एक डोळा इकडे, एक डोळा तिकडे. "मावशीकडूनच तर आले मी!"
झाली की नाही पंचाईत?

कुर्ली गरगर फिरली. गरगर, गरगर. आणि पोचली भलतीकडेच. अंगणवाडीच्या दारात!
अंगणवाडी सुटत होती. पुढे होती दुर्वा. पाच वर्षांची, दोन दात पडलेली.
"का गं रडतेस?"
"वहिनी साडी देईना,
चाचा शिवेना,
काका डबा आणेना,
मावशी थांबेना,
बीळ दिसेना.
सांग, मी घरी जाऊ कशी?"
कोण कुणासाठी अडलंय, तेही कुर्लीने सांगितलं. दुर्वा बोटं मोजू लागली. आधी वहिनी? नाही, आधी मावशी. आधी मावशी? नाही, आधी काका. आधी काका? नाही, आधी चाचा. आधी चाचा? नाही, आधी वहिनी!
बोटं संपली. सगळी मुलं गोंधळली. मोठी माणसं अशी कशी?
दुर्वाने खाऊचा डबा उघडला. उरलेला लाडू गट्टम केला. म्हणाली, "मग आधी मी!"

धावत धावत मुलं बाजारात.
"मावशी, आईने बांगडे सांगितलेत. यात घाल."
"अगो, दप्तराला वास येईल!"
"येऊ दे. धुवू."
मागून सगळी मुलं, "यात घाल! यात घाल!" डबेच डबे. खणखण, खणखण!
मावशीचा हात पिशवीकडे गेला. तिथेच थांबला. मावशीला हसू आलं आणि जरा लाजही वाटली.
"एवढी एवढी पोरं डबा आणतात? मग मोठ्यांना काय झालं? आजपासून पिशवी बंद!"

मावशी थांबली,
मग वहिनीने साडी दिली.
वहिनीने साडी दिली,
मग चाचाने पिशवी शिवली. खडखड खडखड!
चाचाने पिशवी शिवली,
मग काकांनी डबा आणला. अगदी झाकणासकट.

"आता चला वाळूवर," दुर्वा म्हणाली. मुलं पुढे, मोठी माणसं मागे. ही उचल, ती उचल. सळ्ळ सळ्ळ, सळ्ळ सळ्ळ!
खाली निघाली बिळं. एक नाही, दोन नाही, खूप खूप बिळं!
"अगंबाई, यातलं माझं कुठलं?"
कुर्ली एकात शिरली. आतून नांगी आली. "ए, हे माझं!"
दुसऱ्यात शिरली. "ए, हे माझं!"
तिसऱ्यात शिरली. कुणी ओरडलं नाही. आत गार, गार, गार.
कुर्लीने पाय पसरले. सगळेच्या सगळे.

कुर्ली पोचली घरात, गोष्ट शिरली कानात. आणि मासे आणायला निघालात, तर डबा घ्या हातात!