धुरातला झेंडा

"ती समाधीच होती ना, भंतेजी?"

कॅप्टन अनिमेष थूल विहाराच्या ओट्यावर बसून हेच तिसऱ्यांदा विचारत होता. डोकं तो आधीच भादरून आला होता. भंतेजी काय म्हणणार, ते बहुधा त्याने न्हाव्याला विचारून घेतलं असावं.

भंते शीलरक्षित चीवराला ठिगळ लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय झालं ते सांग."

"कपाशीवर फवारणी चालली होती. पहिलाच फेरा. इंजिनाने पेट घेतला. काचेवर तेल उडालं, आत धूर भरला. पायांना चटके बसायला लागले..."

"भीती वाटली?"

"तेच तर सांगतोय. काडीची नाही. घर आठवलं नाही, बायको आठवली नाही. मी आहे, हेसुद्धा नाही. इतकी वर्षं तुमच्यासमोर डोळे मिटून बसलो, पण डास चावला की मन उठलंच. आणि तिथे, आगीत, मन एका जागी."

"कुठल्या जागी?"

"झेंड्यावर."

फवारणीच्या विमानाला खाली एक माणूस लागतो. तो शेताच्या टोकाला पांढरा झेंडा धरून उभा राहतो आणि पायलट त्याच्या रोखाने विमान आणतो. विमान जवळ आलं की तो बाजूला होतो. न होऊन सांगतो कुणाला?

"धुरातून तेवढंच दिसत होतं," थूल म्हणाला. "झेंड्यापलीकडे पडीक रान. त्याच्या डोक्यावरून सरळ गेलो तरच उतरता येणार होतं. ओझं कमी व्हावं म्हणून टाकी उघडली. सगळं औषध एकदम खाली सोडलं आणि उतरलो. विमानाचा कोळसा झाला. मला पायाला चार फोड, बस."

"मग?"

"मग ती शांती गेली. बायको बोलते ते कानात शिरत नाही. विमान उडवणं मी सोडलं, भंतेजी. ती समाधी असेल तर मला आजच चीवर द्या, भिक्खू करा."

भंतेजींनी दोरा दाताने तोडला.

"झेंडा आपोआप उभा होता?"

"नाही... माणूस होता."

"बाजूला झाला नाही?"

"शेतातली सगळी पळाली. तो नाही पळाला. हलवतच राहिला."

"औषध कुठे पडलं?"

थूल ओट्याचा पोपडा नखाने खरवडू लागला.

"त्याच्यावर. जिल्ह्याच्या दवाखान्यात आहे. डोळ्यांवर पट्ट्या आहेत. दृष्टी येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत... सगळे म्हणतात, मला दुसरं काही करताच आलं नसतं."

"खरं आहे."

हे ऐकून थूलला बरं वाटायला हवं होतं. पण त्याला रडू फुटलं, आणि का फुटलं ते त्यालाही कळेना.

"नाव काय त्याचं?"

"त्या माणसाचं?"

"नाव?"

"आम्ही त्याला झेंडाच म्हणतो."

"भेटलास?"

"कोणत्या तोंडाने भेटू? काय बोलू? मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय. मी वाचलो ते बरं झालं की वाईट, तेही." त्याने बाहीने नाक पुसलं. "ती शांती खोटी होती, एवढं तरी म्हणा. म्हणजे मी सुटेन."

भंतेजींनी चीवराची घडी घातली. थूलने नकळत दोन्ही हात पुढे केले. भंतेजींनी घडी बाजूला ठेवली आणि त्याचे हात तसेच रिकामे राहिले.

"खोटी नव्हती," ते म्हणाले. "तुझी होती की त्याची, ते त्याला विचारून ये."