कागदी मोर झालेला राजा

एका राज्यात धवलसेन नावाचा तरुण राजा होता. एकदा रानात त्याला सोन्याची पेटी दिसली. झाकण उघडताच आतल्या शापाने त्याची घडी घातली! हात मुडपले, मान वळली आणि एवढा धिप्पाड राजा तळहातावर मावेल असा कागदी मोर झाला. ती पेटी ठेवणाऱ्या कुटिलाक्ष मांत्रिकाने तो उचलून आपल्या काळ्या गडावर नेला.

राजाची धाकटी बहीण कुवलया. कागदाला घड्या घालून चित्रविचित्र आकार करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. तिच्या खिडकीशी एक धनेश पक्षी येऊन म्हणाला, "राजकन्ये, तुझा भाऊ कागदी मोर होऊन काळ्या गडावर अडकला आहे. तिथे तीन कसोट्या आहेत. तलवार ठेव, कोरे कागद घे; तिथे कागदाची घडी खरी होते."

"आणि कात्री?"

"कात्री लागली की जादू मेली."

कुवलया तडक निघाली. गडाभोवती उकळते तळे होते. तिने लहान मूलही करते तशी साधी होडी केली आणि पाण्यावर ठेवली. होडी भराभर मोठी झाली, तशी ती आत बसून निघाली. वाफेने तळ भिजून लिबलिबीत होतो न होतो, तोच तिने पैलतीरावर उडी मारली.

दारात महाकाय नाग फणा काढून बसला होता. कुवलया मुंगूस घडवू लागली. नखे, मिशा, झुबकेदार शेपूट! घडीत घडी, तिच्या पोटात आणखी घडी. नाग सरपटत जवळ आला. घाईत एक कागद चुरगळला. तिने दुसरा घेतला. शेवटचा कान उभा राहिला आणि मुंगसाने झेप घेतली! नाग बिळात पळाला.

आत फळ्यांवर कागदी हत्ती, घोडे, माणसे रांगेने मांडलेली. कुटिलाक्षाने मोर पुढे केला.

"हा तुझा भाऊ. उलगड. जरासा फाटला, तर कायमचा गेला."

कुवलयाने मोर फिरवून पाहिला. टोक कुठेच दिसेना. पिसारा ओढावासा वाटला, पण तिने हात आवरला. हा मोर मी केला असता, तर शेवटचे टोक कुठे खोचले असते? पंखाखाली! तिथे केसाएवढी फट होती. नख लावले असते तर कागद फाटला असता. तिने अलगद फुंकर घातली आणि टोक बाहेर आले.

"सापडलं!"

मग घडीमागून घडी सुटत गेली. मान सुटली, पिसारा सुटला, कागद सपाट झाला आणि त्यातून धवलसेन उठून उभा राहिला!

"कुवलये, तू?"

"दादा, बाजूला हो!"

कारण शाप तुटला होता आणि फळ्यांवरचे सारेच उलगडू लागले होते. हत्ती चीत्कारले, घोडे खिंकाळले, माणसे एकमेकांना हाका मारू लागली. कुटिलाक्षाने मंत्र म्हटला, पण एकही घडी पडेना. हत्तीने त्याला सोंडेत धरून राजापुढे आणले.

धवलसेन पुन्हा सिंहासनावर बसला, हरवलेली माणसे घरोघर परतली. त्यांचे पेच सुटले, तसे ऐकणाऱ्यांचेही सुटोत.