चार नखं

“...मग मोठं कोणतं, मास्तर? गिटार की पियानो?”

इनास मास्तर खिडकीपाशी बसून उजव्या हाताची नखं पॉलिशपेपरवर घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“जेवलास का?”

“जेवलो. मास्तर, मी गंभीरपणे विचारतोय.”

“मीही.”

श्रीरंग वाळिंबे पुण्याहून वसईजवळच्या या गावात चार वर्षं गिटार शिकायला येत होता. त्याआधी आठ वर्षं तो पियानो शिकला होता आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. येत्या शनिवारी पुण्यात मास्तरांचा कार्यक्रम होता. यानंतर मंचावर वाजवणार नाही, असं मास्तरांनी सांगून टाकलं होतं. त्या शेवटच्या कार्यक्रमात शेजारी दुसरी गिटार घेऊन बसायला त्यांनी श्रीरंगला निवडलं होतं. तेव्हापासून गड्याचे पाय जमिनीवर नव्हते.

“पियानोत सूर आयता मिळतो,” श्रीरंग म्हणाला. “पट्टी दाबली की झालं. वरून मांजर चालत गेलं तरी सूर लागतोच. गिटारवर तो घडवावा लागतो. डाव्या हाताने धरायचा, उजव्याने काढायचा.”

“हं.”

“पण पियानोवर दहा बोटांत अख्खा वाद्यवृंद मावतो. गिटारला सहाच तारा.”

“हं.”

“शिवाय गिटार खांद्याला अडकवून कुठेही नेता येते. पियानो हलवायचा तर चार माणसं लागतात. तुम्ही काय म्हणाल?”

मास्तरांनी अंगठ्याचं नख उजेडात धरून पाहिलं.

“गिटार आपण पोटाशी धरतो,” ते म्हणाले. “पियानोपाशी आपल्याला जाऊन बसावं लागतं.”

“म्हणजे?”

मास्तर पुन्हा नख घासू लागले.

या नखांबद्दल सांगायला हवं. मास्तरांची गिटार नुसत्या बोटांनी वाजत नसे, नखांनी वाजायची. उजव्या हाताची चार नखं, अंगठ्याचं आणि शेजारच्या तीन बोटांची. करंगळीला त्यात काम नाही. डाव्या हाताची नखं मात्र तारा दाबायला बारीक कापलेली लागतात. उजवी चार मास्तरांनी चाळीस वर्षांत कापली नव्हती, फक्त घासून आकारात ठेवली होती. त्यांच्यापायी ते बादली उचलत नसत, नारळ सोलत नसत, बरणीचं झाकण उघडत नसत. इथे येणाऱ्या शिष्याला पहिला धडा झाकण उघडण्याचाच मिळायचा.

नख गेलं तर पुन्हा तेवढं यायला दोन महिने. चिकटवलेली नखं मास्तरांना चालत नसत. तशी लावून आलेल्या एकाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. श्रीरंगनेही आपली चार नखं जिवापाड जपली होती. झोपताना तो उजव्या हातात मोजा घालायचा.

खोलीत भिंतीला लागून एक जुना उभा पियानोही होता. मास्तरांची बहीण एलिझा तो वाजवायची. मास्तर त्याला हात लावत नसत. त्यावरून श्रीरंगने ठरवून टाकलं होतं की मास्तर पियानोला कमी लेखतात. खरं तर उत्तर त्याच्याकडे तयारच होतं, त्याला फक्त मास्तरांच्या तोंडून ते ऐकायचं होतं.

“इनास...”

दारात शेजारच्या मोनिकाबाई उभ्या होत्या. चाळीस वर्षं त्या चर्चमध्ये गायल्या. सहा वर्षांपूर्वी कान गेले, पण गाणं सुटलं नाही. एलिझा वाजवायला बसली की त्या पियानोच्या लाकडावर तळहात टेकवायच्या. कानाला न येणारा सूर हाताला कळायचा, आणि त्या गायच्या.

“म्हातारा शुद्धीवर आलाय,” त्या म्हणाल्या. “लग्नातलं गाणं मागतोय.”

म्हातारा म्हणजे त्यांचा नवरा सायमन. फार तर आजचा दिवस निघेल, असं सकाळी डॉक्टर सांगून गेले होते. त्याची खाट समोरच्या घरात, याच खिडकीसमोरच्या खिडकीला लागून होती.

ओठ नीट दिसतील अशा बेताने मास्तर सावकाश म्हणाले, “एलिझाचं मनगट प्लॅस्टरमध्ये आहे. ती लेकीकडे गेलीय.”

“ठाऊक आहे. तुमच्यापैकी कुणीतरी वाजवा. हाताला सूर नसला तर मी बेसूर जाते. बेसूर गाणं ऐकवून कसा पाठवू रे त्याला?”

मास्तरांनी गिटार घेतली आणि एक सूर छेडला. मोनिकाबाईंनी गिटारच्या पाठीवर तळहात ठेवला. क्षणभराने मान हलवली.

“चिमणी धरल्यासारखं वाटतं. धरेपर्यंत उडून जातं.”

मास्तरांनी श्रीरंगकडे पाहिलं.

श्रीरंग खुशीतच उठला. आठ वर्षांचं शिक्षण वाया गेलं नाही, असं त्याला वाटलं. एलिझाची वही उघडून त्याने सुरुवात केली. मोनिकाबाईंनी लाकडावर हात टेकवला.

टिक टिक टिक टिक.

नखं पट्ट्यांवर वाजत होती. त्याने बोटं आडवी धरून पाहिली. एक नख पट्टीवरून घसरलं आणि भलताच सूर लागला.

मोनिकाबाईंनी हात काढून घेतला.

“एका हाताचं बरं लागतं, पोरा. दुसऱ्या हाताचे खडे टोचतात.”

मास्तर उठले. खणातून त्यांनी नेलकटर काढलं. ते डाव्या हातासाठी असायचं. श्रीरंगसमोर, पियानोवर, त्यांनी ते ठेवलं.

श्रीरंग त्याच्याकडे बघत राहिला.

“मास्तर... शनिवार.”

“हो.”

“चारच दिवस राहिलेत. बाबा येणार आहेत ऐकायला. त्यांनी मला अजून एकदाही...”

श्रीरंगने नेलकटर बाजूला सरकवलं.

“गावात दुसरं कुणी नाही का? मी बाईकवरून जाऊन घेऊन येतो. अर्धा तास द्या.”

समोरच्या खिडकीतून खोकला ऐकू आला. लांबला, घरघरला, मग थांबला. मोनिकाबाईंना तो ऐकू आला नाही. त्या एकदा मास्तरांच्या, एकदा श्रीरंगच्या तोंडाकडे बघत होत्या, काय ठरतंय ते कळेना म्हणून.

श्रीरंगने उजवी मूठ मिटली. स्टुलावरून तो उठला आणि बाजूला झाला.

“मला नाही जमणार, मास्तर.”

“बरं,” मास्तर म्हणाले.

कट्.

आवाज कसला ते श्रीरंगला आधी कळलंच नाही. मग त्याला दिसलं. नेलकटर मास्तरांच्या हातात होतं आणि त्यांच्या अंगठ्याचं नख गेलं होतं.

“मास्तर...”

कट्.

पुढे होऊन त्यांचा हात धरावा असं श्रीरंगला वाटलं, पण तो जागचा हलला नाही. या नखांसाठी त्याने चार वर्षं या घरातली झाकणं उघडली होती. पंगतीत त्यांच्या ताटातला मासा काटे काढून दिला होता.

“मास्तर, काय करताय... लोक येणार आहेत. तुमचा शेवटचा...”

कट्.

मास्तरांनी चौथं बोट पुढे घेतलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. रविवारी सकाळी डाव्या हाताची कापायचे तशीच ते कापत होते.

कट्.

चार तुकडे खिडकीपाशी पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडले होते. कुरमुऱ्यांएवढेही नव्हते.

मास्तर पियानोपाशी आले. स्टूल त्यांना उंच होत होतं. त्याच्याखाली उंची बदलायची एक खीळ होती, ती नेहमी अडकायची. एलिझाला ती काढायला पाच मिनिटं लागत. मास्तरांनी न बघता हात खाली घातला आणि ती एका झटक्यात सोडवली.

श्रीरंगला दुसरा धक्का बसला.

“तुम्हाला... पियानो येतो?”

“गिटारच्या आधी हाच होता.”

“मग सोडला का?”

मास्तरांनी बोडकी झालेली बोटं पट्ट्यांवर ठेवली.

“नखं वाढवली म्हणून.”

त्यांनी मोनिकाबाईंकडे तोंड वळवलं. “हात विसरला असेल, मोनिका. सांभाळून घे.”

“तू वाजव रे.”

पहिल्या ओळीत मास्तर दोनदा अडखळले. चाळीस वर्षांत हात न लावलेल्या माणसासारखेच वाजवत होते. श्रीरंग याहून कितीतरी चांगला वाजवायचा, आणि ते त्या क्षणीही त्याच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. त्याची त्यालाच लाज वाटली.

मोनिकाबाईंनी डोळे मिटले. तळहात लाकडावर पसरला.

“हं...” त्या म्हणाल्या. “आता लागलं.”

आणि त्या गाऊ लागल्या. आवाज म्हातारा होता, फाटका होता, पण जागेवर होता. समोरच्या खिडकीत खाटेवरचा एक हात हळूच वर आला आणि गजाला धरून राहिला.

श्रीरंग दाराशी उभा होता. त्याची मूठ अजून मिटलेलीच होती. आता त्याला हिशेब लागला. त्याने नखं कापली असती, तरी मास्तर शनिवारी एकटे वाजवू शकले असते आणि तो बाबांच्या शेजारी बसून ऐकू शकला असता. त्याची नखं राहिली होती. शनिवार राहिला नव्हता, त्याचाही नाही आणि मास्तरांचाही नाही.

त्याला रडू आलं. तो पुढे झाला. वर्तमानपत्रावरचं नेलकटर उचलून त्याने आपल्या अंगठ्याला लावलं.

मास्तरांनी वळून पाहिलं नाही. त्यांचे डोळे वहीवर होते, पानाच्या शेवटच्या ओळीवर.

“राहू दे आता, श्रीरंग,” ते म्हणाले. “पान उलट. त्याला नखं चालतात.”