टिचकूची आई आणि घाटातला खड्डा

ऐका बरं! खोटं वाटलं तर करंजपाड्यातल्या कोंबड्यांना विचारा.

करंजपाड्यात एक उंदराचं पिल्लू होतं. त्याचं नाव टिचकू. एवढंसं! करवंदाएवढं.

एका सोमवारी लाडकूमावशीने टोपलीत करवंदं भरली. टिचकूची आई हळूच टोपलीत शिरली. एक करवंद खाल्लं. दोन खाल्ली. आणि तिथेच झोपली! मावशीने टोपली उचलली. गाडीत बसली. घर्र घर्र! गाडी गेली बाजाराला.

मावशी गेली. टोपली गेली. आई पण गेली.

मग गाडी आलीच नाही. एक सोमवार गेला. दुसरा सोमवार गेला. टिचकू एकटंच. उपाशी. ते निघालं आईला शोधायला. लुटू लुटू, लुटू लुटू.

घाटात गाडी उभी होती.

"ड्रायव्हरदादा, ड्रायव्हरदादा, माझी आई आणा ना!"

"तुझी आई टोपलीत. टोपली मावशीकडे. मावशी बाजारात. तिचा गुडघा सुजलाय. गाडी पाड्यात जाईल तेव्हाच निघेन म्हणते."

"मग पाड्यात चला ना!"

"चलेन की! पण खड्डा बुजला तर."

"मग मला तरी बाजारात न्या."

"उंदराला तिकीट नाही. बिनतिकीट बसवत नाही."

घर्र घर्र! गाडी वळली. गेली.

टिचकू निघालं. लुटू लुटू, लुटू लुटू.

खड्डा होता हा एवढा! एकदा त्यात एक म्हैस उतरली, ती रेडकू घेऊनच वर आली.

"खड्डेकाका, खड्डेकाका! गाडी येत नाही. आई येत नाही. तुम्ही तरी बुजा ना!"

"बुजेन की! मला काय हौस आहे? पण रोलर आला तर."

टिचकू निघालं. लुटू लुटू, लुटू लुटू.

रोलर उभा होता झुडपात. अंगावर वेल. डोक्यावर सरडा.

"रोलरमामा, रोलरमामा! खड्डा बुजत नाही. गाडी येत नाही. आई येत नाही. तुम्ही तरी हला ना!"

"हलेन की! पण साहेबांची सही झाली तर."

टिचकू निघालं. लुटू लुटू, लुटू लुटू.

साहेब बसले होते बंगल्यात. चहात बिस्कीट बुडवत.

"साहेब, साहेब! रोलर हलत नाही. खड्डा बुजत नाही. गाडी येत नाही. आई येत नाही. तुम्ही तरी सही करा ना!"

"करेन की! पण पाड्याचा अर्ज आला तर. तोही तालुक्याच्या ऑफिसात. इथे नाही."

डुबुक! बिस्कीट चहात पडलं.

"बघ, तुझ्यामुळे पडलं!"

टिचकू निघालं. लुटू... लुटू... लुटू...

पाड्याचे कारभारी काकड्याबाबा. ते बसले होते ओट्यावर.

"काकड्याबाबा, काकड्याबाबा! सही होत नाही. रोलर हलत नाही. खड्डा बुजत नाही. गाडी येत नाही. आई येत नाही. तुम्ही तरी अर्ज द्या ना!"

"देईन की रे! अर्ज कधीचा लिहून ठेवलाय. कोपरा तेवढा कुणीतरी कुरतडलाय."

टिचकूने मान खाली घातली.

"पण तालुका बारा कोस. चालत गेलो की ऑफिसाला कुलूप. गाडी आली तर जाईन."

गाडी! टिचकू पुन्हा घाटात.

"ड्रायव्हरदादा, ड्रायव्हरदादा! अर्ज जात नाही. सही होत नाही. रोलर हलत नाही. खड्डा बुजत नाही. गाडी येत नाही. आई येत नाही. तुम्ही तरी पाड्यात चला ना!"

"चलेन की! पण खड्डा बुजला तर."

हात्तिच्या! फिरून फिरून तिथेच!

घर्र घर्र! गाडी वळली. गेली.

आता कुणाला विचारायचं? कुणीच उरलं नाही. टिचकूचे पाय दुखले. आवाज बसला. ते खड्ड्यात उतरलं. एका खड्यावर डोकं टेकलं. खूप रडलं. मुसू मुसू, मुसू मुसू. एका पानाने डोळे पुसले. पान ठेवलं त्या खड्यावर.

तेवढ्यात आली चैतीआजी. डोक्यावर मोळी.

आता घाटातली रीत अशी. वाटेत दगडावर पान दिसलं, की तो वाटेचा देव. त्याच्या शेजारी आपण एक दगड ठेवायचा. मग चढणीला पाय दुखत नाहीत.

"अगो बाय! देव खड्ड्यात उतरला!" आजी म्हणाली.

तिने एक दगड ठेवला. खट्!

टिचकू टुणकन बाजूला झालं. देव नाही, आजी, माझी उशी आहे ती! पण बोलणार कसं? आवाज कुठे होता?

मग आले गुराखी. खट् खट्! शाळेतली पोरं आली. खट् खट् खट्! मग आलं लग्नाचं वऱ्हाड. दोनशे माणसं! खट् खट् खट् खट्! नवरदेवाने ठेवला. नवरीने ठेवला. ढोलवाल्याने तर दोन ठेवले.

"अरे! मी कुठे गेलो?" खड्डेकाका म्हणाले.

खड्डा बुजला!

खड्डा बुजला, गाडी आली. टिचकू आत शिरलं. या बाकाखाली बघ. त्या बाकाखाली बघ. टोपली नाही. आई नाही!

"थांब रे," ड्रायव्हरदादा म्हणाले. "आता जातो नि मावशीला घेऊन येतो."

गाडी आली, काकड्याबाबा बसले. काकड्याबाबा बसले, अर्ज गेला. अर्ज गेला, सही झाली. सही झाली, रोलर हलला. सरडा पळाला!

आणि संध्याकाळी, घर्र घर्र!

मावशी उतरली. गुडघा धरून. टोपली उतरली. टोपलीतून दिसलं एक नाक. मग दोन मिशा. मग आई!

"काय रे, बिळाबाहेर जाऊ नको म्हटलं होतं ना?" आई ओरडली.

टिचकूला सगळं सांगायचं होतं. पण आवाजच नव्हता. त्याने आईच्या पोटात नाक खुपसलं. आणि काढलंच नाही.

गाडीचं तोंड पाड्याकडे, गोष्टीचं तोंड गोधडीकडे!