घाटरस्त्याचं वळण

वेशीपासून नदीपर्यंत हा घाटरस्ता सुतासारखा सरळ जातो. फक्त इथे, तांबट आळीच्या तोंडाशी, तो उजवीकडे कलतो. पाहुणे विचारतात, आखणाऱ्याची चूक का? चूक नाही. हे नारोबा तांबटाचं काम.

नारोबा थोरला, गोंदाजी धाकटा, सख्खे भाऊ. वाटणी झाली आणि मोकळ्या जागेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन घरं उभी राहिली. हात दोघांचाही चांगला. पण गिऱ्हाईक घागर वाजवून घ्यायचं ती गोंदाजीकडे. त्याच्या हातोड्याचा ठोका ऐकला की नारोबाच्या तोंडची भाकरी कडू व्हायची, असं सांगतात.

सुभेदारांनी रस्ता काढला. खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, चुन्याची रेघ मारली. रेघ गेली मोकळ्या जागेतून, पण गोंदाजीच्या ओट्यासमोरून; येणारं-जाणारं गिऱ्हाईक त्याच्याच दारात.

"तिथंही तोच!" नारोबा म्हणाला.

भर दुपारी बिगारी भाकरीला बसले. नारोबाने सात खुंट्या उपटल्या आणि आपल्या ओट्याला लागून ठोकल्या, चुन्याची रेघही पुसून तिथेच नवी मारली. बायको म्हणाली, "अहो, हे काय चाललंय?"

"गुरांनी पाडल्या. नीट करतोय. तू आत जा."

गोंदाजी समोरून बघत होता.

दुसऱ्या दिवशी मुकादम कुदळी घेऊन थेट नारोबाच्या दारात आला. "घर रिकामं कर, बाबा."

"घर कशाला? रेघ तर ओट्यापाशी आहे."

"ती रस्त्याची कड नव्हे. मध्य आहे. दोन्हीकडे दहा-दहा हात जाणार."

मुकादम भला माणूस होता म्हणे. त्याने विचारलं, "रेघ मूळची हीच का? चुकली असेल तर सांग, परत मोकळ्या जागेत नेतो, कुणाचंच घर पडणार नाही."

एका शब्दावर घर वाचत होतं. नारोबाने समोर पाहिलं. गोंदाजी ओट्यावर उभा. थोरल्यापुढे तो बोलायचा नाही, बोललाही नाही.

धाकट्यादेखत चोरी कबूल करायची? "हीच," नारोबा म्हणाला.

संध्याकाळपर्यंत घर जमिनीला मिळालं. गोंदाजी आला, भावाची ऐरण खांद्यावर उचलली. "दादा, माझा ओटा मोठा आहे. चल."

नारोबा गेला. मरेपर्यंत त्याच ओट्यावर घागरी ठोकत राहिला. पण भावाकडे पाठ करून.

आजही आळीत भाऊ वेगळे होतात तेव्हा आधी या वळणावर येतात. थोरला पाठ करून उभा राहतो, धाकटा विचारतो, "दादा, रेघ हीच का?" थोरल्याने लगेच बोलायचं नाही. मागे वळायचं, धाकट्याच्या तोंडाकडे बघायचं, मग उत्तर द्यायचं.